फ्रेम एक्स्पोज करणारा दिवा

स्क्रीन प्रिंटिंगच्या फ्रेमवर ताणलेल्या पॉलिएस्टरच्या जाळीला प्रकाशसंवेदी द्रावाचा, म्हणजे इमल्शनचा, थर दिला, तो मंद पिवळ्या दिव्याच्या खोलीत वाळवला, त्याला काळ्या आकृतीची पारदर्शक फिल्म चिकटवली आणि वरून प्रकाश पाडला, की जिथे प्रकाश पोचतो तिथला थर कडक होऊन पाण्याला दाद देत नाही, आणि काळ्या भागाखालचा थर मऊच राहून पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जातो. धुऊन मोकळ्या झालेल्या छिद्रांतून पुढे शाई उतरते. जाळीवर उरलेल्या कडक थराला स्टेन्सिल, आकृतीच्या फिल्मला पॉझिटिव्ह आणि प्रकाश देण्याच्या क्रियेला एक्स्पोज करणे, असे या व्यवसायात म्हटले जाते. इमल्शन कोणते, जाळी किती बारीक, पॉझिटिव्ह किती काळी, या प्रश्नांवर छापणारे पुष्कळ चर्चा करतात. दिव्याची निवड मात्र बहुधा बाजारात काय स्वस्त मिळते आणि खोक्यावर किती वॅट लिहिले आहेत यावर होते. वस्तुतः दिव्याला विचारायचे प्रश्न दोन आहेत: त्याचा प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा आहे, आणि तो किती दिशांनी येतो. वॅटच्या आकड्यातून या दोहोंपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

पहिला प्रश्न रसायनाचा आहे. प्रकाशाची तरंगलांबी जितकी आखूड, तितकी त्याच्या प्रत्येक कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, ऊर्जा जास्त. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनमध्ये सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी फोटॉनमध्ये जेमतेम २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. इमल्शनमधील संवेदक रेणू आपल्या पसंतीच्या पट्ट्यातले फोटॉनच शोषतो आणि त्या पट्ट्याबाहेरचे फोटॉन कितीही ओतले तरी बंध तुटत-जुळत नाहीत, केवळ थर तापतो. त्यामुळेच फ्रेम वाळवण्याच्या खोलीत पिवळा दिवा बिनधास्त चालतो आणि डोळ्यांना मंद वाटणारी जांभळी नळी त्याच फ्रेमचे काम काही मिनिटांत करून टाकते.

ही संवेदनशीलता क्रोमियमच्या क्षारांत आढळते. स्कॉटलंडचे मुंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये पोटॅशियम बायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद उन्हात काळवंडतो हे नोंदवले. बायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाशाने अविद्राव्य होते या गुणावर विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५२ मध्ये पेटंट घेतले, आणि अल्फाँस प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये त्याचा छपाईसाठी उपयोग केला. नकाशे छापण्याची फोटोझिंकोग्राफी याच गुणावर उभी राहिली, आणि पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाचे नाव त्या तंत्राची आठवण अजून जपून आहे. स्क्रीन प्रिंटिंगनेही हेच रसायन उचलले. बायक्रोमेट अतिनीलपासून निळ्या प्रकाशापर्यंतच्या रुंद पट्ट्याला प्रतिसाद देते, म्हणून जुन्या कारागिरांना दिव्याच्या बाबतीत फार चोखंदळ राहावे लागले नाही. ऊन, आर्क, साधी ट्यूबलाइट, सगळ्यांवर काम भागत असे. परंतु त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, ते कातडीला जखमा करते आणि धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते, त्यामुळे स्वस्त असले तरी ते वापरण्याचे समर्थन आता करता येत नाही.

त्याची जागा घेणारे दोन संवेदक दिव्याबाबत अधिक काटेकोर आहेत. डायझो हा नायट्रोजनयुक्त संवेदक असून तो बाटलीत वेगळा येतो आणि वापरण्यापूर्वी इमल्शनमध्ये मिसळावा लागतो. त्याचे शोषण ३७५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि ४२० च्या पुढे झपाट्याने उतरते. दुसरा प्रकार तयार मिळणाऱ्या फोटोपॉलिमर इमल्शनचा. त्यातील रेणूसाखळ्या प्रकाश पडताच एकमेकींना बांधल्या जातात. त्याची पसंती आणखी आखूड, ३४० नॅनोमीटरच्या आसपासची असते आणि वेग डायझोच्या कित्येक पट असतो. दोहोंचे मिश्रण असलेली इमल्शनेही मिळतात. व्यवहारात दिव्याचा प्रकाश ३५० ते ४२० नॅनोमीटरमध्ये एकवटलेला असावा, एवढे धरून चालता येते. या पट्ट्यातही आखूड लांबीचा प्रकाश थराच्या पृष्ठभागावरच बराचसा शोषला जातो आणि लांब लहरी खोलवर उतरतात, म्हणून जाड थराच्या कामाला ४०० ते ४२० नॅनोमीटरचा हिस्साही उपयोगी पडतो.

या कसोटीवर घासून पाहिल्यास बाजारातली पहिली निवड लगेच बाद होते. बांधकामाच्या जागी वापरला जाणारा ५०० वॅटचा हॅलोजन दिवा स्वस्त असतो, डोळे दिपवतो आणि अनेक घरगुती कार्यशाळांत फ्रेमवर टांगलेला दिसतो. त्याची तार सुमारे ३००० केल्विनपर्यंत तापते, आणि त्या तापमानाच्या तप्त पदार्थाच्या एकूण प्रारणापैकी ४०० नॅनोमीटरच्या खाली जाणारा भाग हजारात दोनच्या आसपास असतो, म्हणजे ५०० वॅटमधून जेमतेम १ वॅट. बाकी सारी उष्णता. कीटक पकडण्याच्या यंत्रात बसवतात ती १८ किंवा २० वॅटची अतिनील नळी मात्र आपल्या विजेचा साधारण पाचवा हिस्सा याच पट्ट्यात देते, म्हणजे ४ वॅटच्या घरात. एका नळीने एवढ्या मोठ्या हॅलोजनला सहज मागे टाकावे, हे आकडे पाहिल्याखेरीज पटत नाही. हॅलोजनखाली फ्रेम एक्स्पोज होते हे खरे, पण तोवर काच तापते, पॉझिटिव्हची फिल्म वाकते आणि काळ्या भागाखालचा थरही भाजून धुण्यास चिवट होतो. हॅलोजन जवळ असेल तर शिकण्यापुरता वापरावा. विकत घेऊ नये.

अतिनील हा शब्द पाहून होणारी चूक याहून घातक आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातील नळी सुट्या भागांच्या दुकानात मिळते, तीही अतिनीलच असते आणि आकाराने सोयीची असते, म्हणून तिची पेटी बनवण्याचा मोह होतो. ती नळी २५४ नॅनोमीटरचा, जंतू मारणारा प्रकाश देते. एक्स्पोजिंग पेटीची साधी काच ३२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवते, म्हणून फ्रेमपर्यंत तो जवळजवळ पोचतच नाही. काचेच्या कडेने निसटलेला प्रकाश मात्र उघड्या डोळ्यांना आणि कातडीला काही मिनिटांत इजा करू शकतो. घ्यायची ती नळी ३५० ते ३७० नॅनोमीटरची. ती दोन रूपांत मिळते: पांढऱ्या काचेची आणि गडद जांभळ्या काचेची. जांभळी काच दिसणारा प्रकाश गाळून टाकते, आणि या गाळण्याची नाटकाच्या रंगमंचावर गरज असते; फ्रेमला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून स्वस्त असलेली पांढरी नळीच घ्यावी.

दुसरा प्रश्न भूमितीचा आहे, आणि छापणाऱ्यांना पुष्कळदा त्याचे उत्तर खराब छपाईतूनच मिळते. पॉझिटिव्हची काळी कडा आणि इमल्शन यांच्यात काही फट राहिली, तर तिरपा येणारा प्रकाश कडेखाली शिरतो आणि ज्या भागाने मऊ राहायचे तोही कडक करतो; रेषा बारीक होते, अक्षरांचे टोकदार पाय झिजतात, लहान ठिपके बुजतात. समजा, फट ०.१ मिलिमीटर आहे आणि प्रकाशाचा काही भाग ४५ अंशांनी येतो. तो कडेखाली ०.१ मिलिमीटर आत जाईल. छायाचित्र छापण्यासाठी ते ठिपक्यांत फोडतात, त्याला हाफटोन म्हणतात. इंचाला ६५ ओळींच्या हाफटोनमध्ये १० टक्के छटेच्या ठिपक्याचा व्यास ०.१४ मिलिमीटर भरतो. दोन्ही बाजूंनी असा प्रकाश शिरला तर तो ठिपका उरणारच नाही. फट शून्य केली तरी प्रश्न पुरता संपत नाही, कारण प्रकाशाला थराच्या जाडीतूनही प्रवास करायचा असतो: ४५ अंशांचा किरण थरात शिरताना वाकून सुमारे २८ अंशांवर येतो आणि ७० मायक्रॉन जाडी पार करताना ३७ मायक्रॉन बाजूला सरकतो.

या दृष्टीने सूर्याचे स्थान वेगळे आहे. त्याचे बिंब आकाशात अर्ध्या अंशाएवढेच दिसते, म्हणून त्याच ०.१ मिलिमीटरच्या फटीत थेट उन्हाची कडा केवळ १ मायक्रॉनने पुसट होते. इतका सरळ प्रकाश देणारा दिवा कोणत्याही कार्यशाळेत नाही. महाराष्ट्रात निरभ्र दुपारी चौरस मीटरमागे पन्नास-साठ वॅट उपयुक्त अतिनील प्रकाश फुकट मिळतो. अडचण अशी, की आखूड लहरी हवेत जास्त विखुरतात, आणि आकाश निळे दिसते त्याच कारणाने अतिनील प्रकाशाचा एक तृतीयांशाच्या आसपासचा, ऊन कलल्यावर त्याहूनही मोठा, वाटा सूर्याकडून थेट न येता साऱ्या आकाशातून पसरट होऊन येतो. बारीक काम असेल तर फ्रेमभोवती काळ्या पुठ्ठ्याची उंच कड उभारून, म्हणजे जणू विहिरीच्या तळाशी फ्रेम ठेवून, हा पसरट प्रकाश बराच तोडता येतो. मात्र काच सूर्याकडे अचूक तोंड करून धरावी लागते. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यास सूर्य अगदी माथ्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस दुपारीही तो क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही, म्हणून वेळेचा एकच आकडा वर्षभर चालत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये ढगांचा भरवसा नसतो. लग्नसराईच्या पत्रिकांचे काम उन्हाळ्यात येते म्हणून कित्येकांचे उन्हावर निभावते; गणेशोत्सवाच्या टी-शर्टांची ऑर्डर ऐन पावसाळ्यात येते आणि तिथे ऊन दगा देते.

नळ्यांच्या पेटीत परिस्थिती नेमकी उलट असते. लाकडी खोक्यात चार-सहा नळ्या, त्यांच्यावर दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर काच, काचेवर पॉझिटिव्ह, त्यावर फ्रेम, आत काळा फोम आणि वर वजन, अशी ती रचना असते. प्रकाश सर्व बाजूंनी तिरपा येतो, आणि तो कडेखाली शिरू नये याची सारी जबाबदारी फोम, वजन किंवा व्हॅक्यूमवर, म्हणजे फिल्म आणि थर यांच्यातील चिकट संपर्कावर, येऊन पडते. संपर्क चोख असेल तर कापडी पिशव्या, टी-शर्ट, फलक आणि सामान्य जाडीची अक्षरे या पेटीवर उत्तम निघतात. नळ्यांमधील अंतर त्यांच्या काचेपासूनच्या अंतराहून अधिक ठेवू नये, नाहीतर फ्रेमवर उजेडाचे पट्टे उमटतात आणि धुताना एका पट्ट्यातला थर टिकतो, शेजारचा वाहून जातो. नळ्या काचेपासून दूर नेल्या तर प्रकाश एकसारखा होतो, पण वेळ वाढतो आणि दूर नेल्याचा किरणे सरळ होण्यास फारसा लाभ होत नाही.

किरणे सरळ हवीत तर प्रकाश लहानशा बिंदूतून निघाला पाहिजे आणि तो पुरेसा दूर असला पाहिजे. येथे अंतराच्या वर्गाचा नियम आडवा येतो: दिवा ५० सेंटिमीटरवर असताना १ मिनिट पुरत असेल तर १ मीटरवर ४ मिनिटे लागतात. जवळ आणावा तर कोपरे उपाशी राहतात. ४५ गुणिले ६० सेंटिमीटरच्या आकृतीचा कर्ण ७५ सेंटिमीटर. दिवा मध्यावर ७५ सेंटिमीटर उंच टांगला तर कोपऱ्याला मध्याच्या सुमारे ७२ टक्के प्रकाश मिळतो, आणि तोच दिवा निम्म्या उंचीवर आणला तर अवघा ३५ टक्के. त्यामुळे दिव्याचे अंतर आकृतीच्या कर्णाहून कमी नसावे हा नियम पाळावा, आणि शक्य तर दीडपट ठेवावे.

बिंदूसारख्या दिव्यांत पहिला मान कार्बन आर्कचा. दोन कार्बनच्या कांड्यांमधील ठिणगीत हवेतील नायट्रोजन कार्बनशी संयोग पावतो आणि ३८८ नॅनोमीटरजवळ प्रखर प्रकाश देतो, जो बायक्रोमेटला अगदी मानवतो. पण कांड्या झिजत, प्रकाश फडफडत असे आणि धूर बाहेर काढावा लागे, म्हणून ब्लॉकमेकिंगच्या, म्हणजे छपाईचे ठसे बनवण्याच्या, खोल्यांतून तो नाहीसा झाला, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पाऱ्याच्या वाफेचा दिवा ३६५, ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरला ठळक रेषा देतो आणि त्यांतील पहिल्या दोन फ्रेमच्या कामाच्या आहेत. जुन्या रस्त्यांवरच्या पाऱ्याच्या दिव्याचा बाहेरचा फुगा फोडून आतली नळी वापरण्याची क्लृप्ती काही जण सांगतात. आतल्या क्वार्ट्झच्या नळीतून जंतुनाशक आखूड अतिनीलही निघतो आणि तो फुगाच त्याला अडवत असतो, म्हणून ही क्लृप्ती कोणीही करू नये. व्यावसायिक कामात सर्वांत समाधानकारक ठरला तो मेटल हॅलाइड दिवा. त्यात पाऱ्याबरोबर गॅलियम किंवा लोह यांचे क्षार घातलेले असतात. गॅलियम ४०३ आणि ४१७ नॅनोमीटरच्या रेषा वाढवते, लोह ३५० ते ४०० मधली पोकळी भरून काढते, त्यामुळे इमल्शन पाहून बल्ब निवडता येतो. तो पूर्ण तेजाला यायला काही मिनिटे घेतो आणि विझवल्यावर थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटत नाही, म्हणून त्याला झडप लावून सतत पेटता ठेवतात. महाग, तापणारा, पण बारीक हाफटोनसाठी खात्रीचा.

या सगळ्यांना आता एलईडीने घेरले आहे. निळ्या एलईडीसाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच गॅलियम नायट्राइडच्या घराण्यातून अतिनील एलईडी आले. ते तत्क्षण पेटतात, त्यांत पारा नसतो आणि वीज कमी लागते. मात्र एलईडीचा प्रकाश अरुंद पट्ट्यात असतो. बाजारात स्वस्त मिळतात ते ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरचे. ३६५ चे महाग. ३९५ चा दिवा डायझो इमल्शनला चालतो, परंतु ३४० च्या आसपास पसंती असलेल्या शुद्ध फोटोपॉलिमरच्या शोषणाची फक्त शेपटी त्याच्या वाट्याला येते, आणि जाहिरातीत लिहिलेले सेकंद प्रत्यक्षात मिनिटे होतात. एलईडीच्या पट्ट्या चिकटवून केलेली पेटी भूमितीच्या दृष्टीने नळ्यांच्या पेटीचीच बहीण आहे, कारण प्रत्येक एलईडी सुमारे १२० अंशांत प्रकाश फेकतो. उलट एकाच चौकटीत अनेक चिप दाटून बसवलेला, बोटभर रुंदीचा ५० किंवा १०० वॅटचा एकच एलईडी पाऊण मीटरवर टांगला तर तो जवळजवळ बिंदूसारखा वागतो. त्याला धातूचे पंखेदार बूड आणि पंखा लावणे मात्र टाळता येत नाही. नव्याने कार्यशाळा मांडणाऱ्याने, डायझो किंवा मिश्र इमल्शन वापरणार असल्यास, हाच पर्याय आधी तपासावा. मोठमोठ्या अक्षरांचेच काम असेल तर जुनी नळ्यांची पेटी मोडून टाकण्याचे कारण नाही.

दिव्याखेरीज दोन गोष्टी त्याच्या हिशेबात धराव्या लागतात. चित्रांच्या चौकटीसाठी मिळणारे काही पारदर्शक अॅक्रिलिक मुद्दाम अतिनील गाळणारे असते आणि पेटीवर काचेऐवजी ते बसवले तर फ्रेम एक्स्पोजच होत नाही. जाळीचा रंगही महत्त्वाचा: पांढरा धागा आत आलेला प्रकाश बाजूला पसरवतो आणि तो काळ्या भागाखाली पोचतो; पिवळा धागा हा भटका प्रकाश शोषतो, म्हणून बारीक कामाला पिवळी जाळी घेतात, आणि तिला दीड ते दुप्पट वेळ द्यावा लागतो.

शेवटी वेळ ठरवण्याचे काम चाचणीनेच होते. एकाच फ्रेमवर पुठ्ठा सरकवत चार पट्ट्यांना २, ४, ८ आणि १६ मिनिटे प्रकाश द्यावा. समान अंतराने वाढवलेल्या मिनिटांपेक्षा दुपटीची चढण अधिक सांगून जाते. अचूक काम करणारे २१ पायऱ्यांची करडी पट्टी वापरतात, जिच्या दोन पायऱ्या चढल्या की प्रकाश निम्मा होतो; पाचवी पायरी टिकली आणि सातवी टिकायला हवी असेल तर वेळ दुप्पट करावा. डायझो इमल्शन स्वतःही खूण देते: पुरेसा प्रकाश मिळालेल्या भागाचा पिवळेपणा उडतो, आणि धुताना स्क्वीजीच्या, म्हणजे शाई ओढणाऱ्या पट्टीच्या, बाजूला बोट फिरवल्यास बुळबुळीत साय हाताला लागली तर थर आतून कच्चा आहे असे समजावे. असा थर टेबलावर ठीक दिसतो आणि पाण्याच्या शाईखाली दोनशेव्या टी-शर्टाला सुटू लागतो.

चाचणीतून मिळालेला आकडा कायमचा नसतो. तारेच्या दिव्याचा उजेड विजेच्या दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून दाब १० टक्के उतरला की प्रकाश ३० टक्के घटतो आणि अतिनील हिस्सा त्याहून अधिक. नळ्या आणि मेटल हॅलाइड बल्ब दिसायला पूर्वीइतकेच पेटत राहतात, पण त्यांचा अतिनील हळूहळू ओसरत जातो. त्यासाठी मोठ्या यंत्रांत वेळेऐवजी प्रत्यक्ष पोचलेला प्रकाश मोजून दिवा बंद करणारे मापक बसवलेले असते. लहान पेटीवर नळ्या बसवल्याची तारीख पेनाने लिहून ठेवावी, काही महिन्यांनी पट्ट्यांची चाचणी पुन्हा करावी, आणि बदलायच्या तर साऱ्या नळ्या एकदम बदलाव्यात, कारण जुन्या-नव्या नळ्यांच्या मिश्रणातून पुन्हा तेच उजेडाचे पट्टे उमटतात. नवा संच बसवल्यावर आधीचा वेळ जास्त ठरतो, म्हणून पहिली फ्रेम चाचणीचीच ठेवावी.